पान्यावर नाव कुणाचं, आणि घडवला कुणी?



हल्ली निपाणी असो, संकेश्वर असो की बेळगाव, हार्डवेअरच्या दुकानात पाना मागितला की दुकानदार आधी विचारतो, "कंपनीचा देऊ की आमचा?" 'आमचा' म्हणजे दुकानाचं किंवा होलसेलवाल्याचं नाव मारलेला माल. भाव निम्मा, कधी निम्म्याहून कमी. चमक मात्र कंपनीच्या मालापेक्षा जास्त. मोबाइलवरून मागवणाऱ्यांचंही तेच. अ‍ॅमेझॉन बेसिक्ससारखी नावं ही विकणाऱ्याची नावं आहेत, कारखान्याची नव्हेत. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या नावेला मशीन आहे, ज्यांच्या शेततळ्यावर पंप किंवा एरेटर आहे, किंवा जे मोटारसायकलला पेटी बांधून मासे बाजारात नेतात, त्या सगळ्यांच्या घरी असा एखादा तरी पाना निघेलच. तो घ्यावा की नाही, हा प्रश्न ऑफिसात येऊन बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दुकानाचं नाव असलेला माल म्हणजे फालतू, असं समजू नका. भारतातली हाताची अवजारं मोठ्या प्रमाणात पंजाबात, जालंधर आणि लुधियानाच्या आसपास बनतात. तिथले कारखाने परदेशी कंपन्यांनाही माल पुरवतात. एकच कारखाना एका ऑर्डरवर एका कंपनीचं नाव मारतो आणि दुसऱ्या ऑर्डरवर दुसऱ्याचं. पण साचा एक असला तरी पोलाद, भट्टी आणि तपासणी ऑर्डरच्या भावाप्रमाणे बदलू शकते. म्हणून "अहो, हा त्याच कंपनीचा माल, फक्त नाव वेगळं" असं दुकानदार म्हणाला की त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, आणि त्याला लगेच खोटाही ठरवू नये. माल हातात घेऊन बघावा. मासा घेताना आपण टोपली बघत नाही, कल्ला उचलून बघतो. इथंही तसंच.

आता पान्याचा कल्ला कुठं असतो ते बघू.

आपल्या भागाला लोखंड नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. पुढं कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर हे सगळं इथंच सुरू झालं. १९१० मध्ये ते कुंडलला गेले आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजही उद्यमबागेत गेलात तर फौंड्री आणि मशीन शॉपचा आवाज दिवसभर चालू असतो. त्या फौंड्रीतल्या कुठल्याही कामगाराला विचारा, ओतीव आणि घडीव यात फरक काय. तो हसून सांगेल. ओतीव म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला. पंपाची बॉडी, इंजिनाचा ब्लॉक यांना ओतीव बीडच बरं. घडीव म्हणजे तापवलेलं पोलाद घणाखाली दाबून केलेलं. पाना घडीव पाहिजे. बिडाचा तवा हातातून पडला की त्याचे दोन तुकडे होतात हे घरातल्या बायकांना सांगायला नको. ज्याला पीळ सोसायचा, जोर सोसायचा, तो जिन्नस ओतीव असून चालत नाही.

दुकानात हे ओळखायचं कसं? पान्याची कड बघा. घडीव पान्याच्या दोन्ही बाजूंनी मधोमध एक पट्टा जातो, जिथं जादा पोलाद कापून ग्राइंडरने घासलेलं असतं. हा पट्टा रुंद आणि सपाट दिसतो. ओतीव मालावर सांध्याची बारीक, धाग्यासारखी रेघ असते, आणि अंगावर बारीक भोकं किंवा दाणेदारपणा दिसतो. वर जाड क्रोम चढवून तो लपवतात, म्हणून पान्याच्या तोंडाच्या आतल्या कोपऱ्यात बघा. तिथं क्रोम नीट पोचत नाही आणि खरं अंग दिसतं. अक्षरं कशी आहेत तेही बघा. मापाचा आकडा खोल आणि स्वच्छ उठलेला असेल तर साचा चांगला. फुगलेली, अर्धवट अक्षरं असतील तर साचा झिजलेला, आणि झिजलेल्या साच्यातून मापही झिजलेलंच येणार.

'क्रोम व्हॅनेडियम' असं लिहिलेलं असतं त्याला फार भुलू नका. हे चांगल्या पोलादाचं नाव आहे हे खरं, पण पंच कुणीही मारू शकतो. आणि पोलाद चांगलं असूनही पाणी नीट दिलं नाही तर सगळं वाया. विळ्याला पाणी कमी बसलं की धार मुडपते आणि जास्त बसलं की तुकडा उडतो, हे आपल्याकडं लोहार काय, भाकरी थापणारी म्हातारीसुद्धा सांगते. पान्यालाही तसंच पाणी द्यावं लागतं. रॉकवेल नावाच्या मापावर पान्याची कठिणता साधारण ४० च्या आसपास असते. पक्कडीच्या कापायच्या धारेची ५५ ते ६०. कानस त्याहून कठीण, ६० च्या वर. म्हणून जुन्या मिस्त्री लोकांची एक परीक्षा अजून चालते. बारीक नवी कानस पान्याच्या दांड्याच्या टोकाला हळूच ओढायची. लोण्यासारखी घुसली तर पाना मऊ. थोडी लागली, पण जोर द्यावा लागला, तर ठीक. पक्कडीच्या धारेवर मात्र कानस घसरलीच पाहिजे. दुकानदार ही परीक्षा करू देईलच असं नाही, पण घरी पेटीत पडलेल्या जुन्या मालावर करून बघा म्हणजे हाताला अंदाज येतो.

वजनावर तर अजिबात जाऊ नका. "चांगला जड आहे" म्हणून आपले लोक पाना घेतात. ओतीव माल कमजोर असतो म्हणून तो जाड करतात, त्यामुळं तो जड असतो. चांगला पाना दांड्यात सडपातळ असतो. अडचणीच्या जागी शिरायला तोच बरा.

मापाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती तपासायला व्हर्नियर लागत नाही. बाजारात जाताना खिशात आपल्या मशीनचे दोन-तीन नवे बोल्ट टाकून न्या. १३ चा पाना १३ च्या बोल्टवर लावून हलवून बघा. थोडी मोकळीक पाहिजेच, नाहीतर पाना बसणारच नाही. पण खडखड वाजत असेल, तिरका होत असेल, तर तो पाना जोर लावल्यावर बोल्टच्या कोपऱ्यांवरच चढणार आणि डोकं गोल करणार. गंजलेल्या बोल्टचं डोकं एकदा गोल झालं की पुढचं काम मिस्त्रीचं, छिन्नीचं नाहीतर वेल्डिंगचं.

इथंच एक बाब सांगून ठेवतो, कारण बरेच बोल्ट यामुळंच बिघडतात. जपानी ठेवणीच्या मशीनवर बहुधा १०, १२, १४, १७ हे बोल्ट असतात. आपल्याकडच्या पंपावर, इंजिनवर १०, १३, १७, १९ जास्त. पेटीत १२ नाही म्हणून १३ लावला की काम झालंच म्हणून समजा. स्क्रूचंही असंच. जपानी कार्बोरेटरचे फुलीचे स्क्रू आणि आपल्या बाजारातला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर दिसायला सारखे, पण खाच थोडी वेगळी असते. आपला ड्रायव्हर पूर्ण खाली बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि फुली खाऊन टाकतो. मग आपण म्हणतो स्क्रूच मऊ होता. 'जिस' असं लिहिलेला ड्रायव्हर मिळतो, एकच घेऊन ठेवा.

रिंग पाना घेताना आतले कोन मोजा. बारा कोनांचा पाना लावायला सोपा, अडचणीत थोडा थोडा फिरवता येतो. सहा कोनांचा पाना बोल्टच्या सपाट बाजू धरतो. जिथं गंज आहे तिथं सहा कोनांचाच पाहिजे. हलक्या मालात बारा कोनांचे पाने जास्त खपतात, आणि त्यातला एक कोन जरी मऊ निघाला की पाना सटकतो.

पाना सटकला तर काय होतं, हे दुकानात उभं राहून कळत नाही. हिशेब सांगतो. १४ मिलिमीटर आट्याचा स्पार्क प्लग बसवायला साधारण २५ न्यूटन-मीटर जोर लागतो. पाना १५ सेंटिमीटर लांब असेल तर त्याच्या टोकाला हाताचा ओढा जवळजवळ १७ किलोचा होतो. गंजलेला नट सोडवायला याच्या दुप्पट-तिप्पट. एवढ्या जोरात हात सुटला तर बोटं थेट मशीनच्या कडेवर. ते जमिनीवर. होडीत उभं राहून, एक पाय फळीवर आणि एक जाळ्यावर असताना सटकला तर माणूसच पाण्यात. हिडकल धरणाचं पाणी भरलं की वाऱ्याच्या दिवसात मधोमध कशी लाट उठते हे तिथं जाळं टाकणाऱ्यांना माहीत आहे. मशीन बंद पडलं, प्लग काढायचा आहे, आणि प्लग पाना आतून फाटलेला. आपल्याच एका सभासदाला गेल्या पावसाळ्यात दोन तास वल्हं मारत काठाला यावं लागलं. पेटीत पाने अठरा होते. कामाचा एक होता, आणि तोच गेला.

यावरून नगांचा विषय निघाला म्हणून सांगतो. 'चाळीस नगांची पेटी' म्हटलं की मन खुलतं. उघडून मोजा. त्यातले वीस म्हणजे बोटाच्या पेरासारखे स्क्रू ड्रायव्हरचे तुकडे, पाच-सहा एलन की, आणि खाली ठेवायचे दोन प्लॅस्टिकचे डबे. ते वगळून जे उरतं त्याला भाव लावा, मग पेटी स्वस्त की महाग ते कळेल.

सगळं महागाचं घ्या, असं मी म्हणत नाही. आपल्या धंद्यात पैसा कसा येतो आणि कसा जातो ते मला रोज वहीत दिसतं. एलन की, साधे फिक्स पाने, हॅकसॉची फ्रेम, तेलाची पिचकारी हे दुकानाच्या नावाचं घेतलं तरी बिघडत नाही, वर सांगितलेल्या परीक्षा करून घ्या म्हणजे झालं. पण तीन जिन्नस नावाजलेल्या कंपनीचेच घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. प्लग पाना, पक्कड, आणि गोटी सेटचं रॅचेट. रॅचेटच्या पोटात बारीक दाते असतात आणि एक छोटी कुत्री त्यांच्यावर अडकते. ती मऊ असेल तर ऐन जोरात दाता सोडते. बाहेरून हे कुणालाही दिसत नाही, कितीही जाणकार असो. जे दिसत नाही तिथं निदान नाव तरी बघावं. टपारियासारख्या कंपन्या नाशिकला १९६० च्या दशकापासून हेच काम करत आल्या आहेत. त्यांचे भाव कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि बेळगावात विचारून घ्या, फरक पडतो.

पक्कडीची परीक्षा मात्र आपल्याइतकी कुणाला जमणार नाही. तंगूसाचा बारीक तुकडा खिशात ठेवा. पक्कड पूर्ण मिटवून उजेडाकडं धरा, धारेतून फट दिसता कामा नये. मग तंगूस धारेच्या अगदी टोकाला, मधे आणि मुळाशी असा तीन ठिकाणी कापून बघा. एका दाबात सुटला पाहिजे. चावल्यासारखा चपटा होऊन लोंबकळला तर ती पक्कड जाळ्याच्याही कामाची नाही आणि तारेच्याही नाही. जोडाची खीळ हलते का बघा. मूठ कापडाने धरून बाजूला ओढा, पात्यांत खेळ असेल तर ठेवून द्या. घरात जाळी विणणाऱ्या ताईंना बरोबर नेलंत तर आणखी बरं, धारेचं त्यांना लवकर कळतं.

हातोड्याचं एकच सांगतो. फार कठीण हातोड्याचा कपचा उडतो आणि तो डोळ्यात जातो. हातोड्यावर हातोडा कधी मारू नका, मग तो कुणाचाही असो.

आता कागदाकडं वळू. हाताच्या अवजारांना भारतीय मानक आहे. फिक्स पान्याला आयएस २०२८, रिंग पान्याला आयएस २०२९, पक्कडीला आयएस ३६५०, स्क्रू ड्रायव्हरला आयएस ८४४. मालावर किंवा पाकिटावर आयएसआयचा शिक्का असेल तर वर मानकाचा आकडा आणि खाली 'सीएम/एल' लिहून लायसन्सचा आकडा असतो. मोबाइलवर 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी अ‍ॅप टाका आणि त्यात तो आकडा घाला. लायसन्स कुठल्या कारखान्याचं, चालू आहे की संपलं, ते समोर येतं. दुकानाच्या नावाच्या मालात याचा फायदा असा की वरचं नाव कुणाचंही असो, घडवणारा कोण ते यात उघडं पडतं. शिक्का आहे पण आकडा नाही, किंवा आकडा टाकला आणि भलत्याच वस्तूचं लायसन्स निघालं, तर तो माल परत ठेवा.

शिक्का नसेल तरी बंद पाकिटावर बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन असायलाच पाहिजे. बाहेरून आलेला माल असेल तर देशाचं नावही. २०११ च्या वजन-माप नियमांत हे आहे. नुसतं 'मार्केटेड बाय' लिहिलेलं असेल तर तो विकणारा आहे, बनवणारा नव्हे, एवढं समजून घ्या.

गॅरंटीविषयी अमेरिकेतली एक गोष्ट आहे. तिथं सिअर्स नावाचं मोठं दुकान होतं. त्यांनी १९२७ मध्ये 'क्राफ्ट्समन' नावाची अवजारं आणली. कारखाना त्यांचा नव्हता, माल दुसऱ्यांकडून करून घ्यायचे आणि आपलं नाव लावायचे. म्हणजे दुकानाच्याच नावाचा माल. तरी तिथले मिस्त्री पिढ्यान् पिढ्या तो घेत राहिले, कारण पाना तुटला तर काउंटरवर ठेवायचा आणि नवा घेऊन जायचं, पावतीसुद्धा कुणी विचारत नसे. पुढं दुकानाचा धंदा बसत गेला, २०१७ मध्ये हे नाव स्टॅनले ब्लॅक अँड डेकर कंपनीला विकलं गेलं, आणि २०१८ मध्ये सिअर्सनं दिवाळं काढलं. दुकानाच्या नावाला किंमत येते ती अशी, तुटलेला माल परत घेण्याने. म्हणून 'लाइफटाइम गॅरंटी' म्हटल्यावर दुकानदाराला सरळ विचारा, तुटला तर तुम्ही इथं काउंटरवर बदलून देणार की मी पार्सल करून कुठंतरी पाठवायचं? आणि ते बिलावर लिहून घ्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बदलून द्यायला टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मोबाइलवरूनही लागतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारणही सांगतो. आपल्या ऑफिसात मध्यंतरी एक व्यापारी येऊन गेला. "सेक्रेटरी, तुमच्या सोसायटीचं नाव पान्यावर मारून देतो. प्रत्येक नावेला एक पेटी. सभासद खूश, तुमचंही नाव." भाव खरंच कमी होता. मी त्याच्याकडून पेटी दोन दिवसांसाठी ठेवून घेतली आणि शेडमधल्या जुन्या मशीनवर आपल्या दोघा-तिघांनी ती वापरून बघितली. रिंग पाने चांगले निघाले, १२ आणि १४ तर अगदी नेमके बसले. १० च्या फिक्स पान्याचं तोंड दुसऱ्याच बोल्टला फाकलं. रॅचेटनं दोनदा दाता सोडला. पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, नाव तुमचंच की हो, पत्ता कशाला?"

नेमकी तीच अडचण आहे. पान्यावर सोसायटीचं नाव आलं की तुटलेला पाना घेऊन सभासद सोसायटीतच येणार, आणि यायलाच पाहिजे. मग तो बदलून द्यायचा तर पैसा सगळ्यांचा. आणि उद्या पाना सटकून कुणाला लागलं, तर त्या घरी कोणत्या तोंडानं जायचं? काही संचालकांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, गरीब सभासदाकडं आज एकही पाना नाही, त्याला निदान काहीतरी मिळेल. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. म्हणून मी दुसरा हिशेब मांडला आहे. त्याच पैशात पेटी लहान करायची. १०, १२, १४, १७ चे रिंग पाने दुकानाच्या मालातले, पण तपासून, नाव न मारता. त्याला एक चांगला प्लग पाना, एक चांगली पक्कड आणि एक ड्रायव्हर कंपनीचा. रॅचेट नाही. आठच्या आत नग, आणि ते सगळे कामाचे. दोन्ही हिशेब येत्या सभेपुढं ठेवणार आहे, ठरवायचं तुम्ही.

तोपर्यंत ज्यांच्याकडं पेटी आहे त्यांच्यासाठी. होडीतून आल्यावर पाने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवू नका. पुसून, जुन्या इंजिन ऑइलचा हात फिरवून कोरड्या डब्यात ठेवा. क्रोमचा पापुद्रा सुटायला लागला असेल तर तो पाना बाजूला काढा, पापुद्र्याची धार ब्लेडसारखी असते आणि ओल्या हाताला ती लागलेली लवकर कळत नाही. गोव्याला किंवा मालवणला पाहुण्यांच्या ट्रॉलरवर कामाला जाणाऱ्यांनी खाऱ्या पाण्यातून आलेला पाना आधी गोड्या पाण्यानं धुवावा, मग तेल.

सभेला येताना तुमच्याकडचा वाकलेला, फाकलेला, सटकणारा असा एखादा पाना बरोबर आणा. सगळे टेबलावर एका ओळीत मांडू, म्हणजे कुठला माल कुठं फाटतो ते सगळ्यांनाच बघायला मिळेल.

— सेक्रेटरी